शुक्रवारचे दोष

आमच्या मठात दर शुक्रवारी, संध्याकाळचा चहा झाल्यावर आणि कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आधी, आम्ही चौघीजणी चॅपलमध्ये रांगेत गुडघे टेकायचो आणि आठवडाभरातले आपापले दोष मोठ्याने सांगायचो. फादरांच्या कानात पापं सांगायची ती निराळी, ती गुप्त. हे दोष एकमेकींच्या देखत. कप फुटला, प्रार्थनेला उशीर झाला, मौनाच्या तासाला बोलले, असलं किरकोळ काहीतरी. मदर ऐकून घ्यायच्या आणि जिला तिला प्रायश्चित्त सांगायच्या. एखादी जास्तीची जपमाळ, नाहीतर एक दिवस लोणचं बंद. बाहेर ही पद्धत तेव्हा मोडीत निघत होती म्हणे. आमच्या मदरना कोणी तसं कळवलं नव्हतं, किंवा कळवलं असेल आणि त्यांनी ते पत्र खणात ठेवून दिलं असेल.

मी तिथे नवी होते. नगर शहरात वाढलेली, नर्सिंग शिकलेली, चोवीस वर्षांची, आणि आपण पुढेमागे संत होणार याबद्दल फारशी शंका नसलेली. पहिल्या शुक्रवारी मी मान खाली घालून सांगितलं, की माझ्या हातून एक थर्मामीटर फुटला. शाळेच्या सिस्टरनी सांगितलं, की त्या तिसरीच्या वर्गावर ओरडल्या. मग माझ्या डाव्या बाजूच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाला चुलीच्या धुराचा वास असलेल्या सिस्टरनी घसा साफ केला.

"माझा दोष असा," त्या म्हणाल्या, "की मंगळवारी मदरनं आमटी तोंडात घातली आन् तोंड वाकडं केलं. तवा माझ्या मनात आलं, ही बया सासरी गेली असती तर सासूनं हिला चार दिसांत सरळ केली असती. असं मनात यायला नको हुतं. आलं."

मला वाटलं आता छत खाली येणार. मदरनी फक्त डोळे मिटले. मग ते उघडून विचारलं, "अजून काही?"

"हाय. पन ते पुढच्या शुक्रवारी. सैपाक पडलाय."

ही आत्या. तिला मठात मिळालेलं संताचं नाव भलतंच लांब होतं आणि ते तिच्या स्वतःच्या तोंडातही बसत नव्हतं. गावात कोणीतरी तिला आत्या म्हटलं आणि मग पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळे आत्याच म्हणायला लागले. फादर तिच्यापेक्षा वयाने मोठे, तेही आत्या म्हणायचे. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. मदरनाही. बिशपसाहेब भेटीला आले तेव्हा मदरनी तिला आठ दिवस "आपण" म्हणायला शिकवलं होतं. बिशप आत आले आणि आत्या म्हणाली, "ये रे बाबा, उन्हातनं आलास, आपण आधी पानी पी."

आमचं गाव जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेला होतं, सोनईच्या बाजारापासून एसटीने दीड तास. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. मठ म्हणजे पत्र्याची चार खोल्यांची इमारत, एक चॅपल, एक दवाखाना, एक विहीर. मदर मंगळूरकडच्या, उंच, शांत, पोटात अल्सर. शाळेच्या सिस्टर गोव्याच्या. दवाखाना माझा. उरलेलं सगळं, म्हणजे स्वयंपाक, कोंबड्या, दोन शेळ्या, विहीर आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा समाचार, आत्याचं.

आत्या मूळची कोपरगावच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली. ती सिस्टर का झाली याची तिच्याकडे तीन उत्तरं होती. पहिलं, बापाने बघून ठेवलेल्या नवऱ्याला तीनच दात होते. दुसरं, ती सिस्टरांना कोंबडी विकायला गेली आणि त्यांची चूल तिला आवडली. तिसरं, देवाने बोलावलं. हे तिसरं ती फक्त बिशपना सांगायची. मला एकदा म्हणाली, "तिन्ही खरी हायेत. देव काय मोकळ्या हातानं बोलावतो व्हय? कोंबडी, नवरा, काय ना काय लावून धाडतो."

त्याच सुमारास वरून परवानगी आली, की पायघोळ झगे सोडून पांढरी साडी नेसायला हरकत नाही. आम्ही तिघी महिनाभर पदराच्या पिना शोधत हिंडलो. आत्याने पहिल्याच दिवशी साडी घेतली, बापाच्या शेतात नेसायची तशी कास मारली, पोटऱ्या उघड्या टाकल्या आणि विहिरीवर जाऊन उभी राहिली. नेमके तेव्हाच फादर मोटारसायकलवरून फाटकातून आत आले आणि थेट शेळ्यांच्या गोठ्यात गेले.

"सिस्टर," मदर म्हणाल्या, "आपण संन्यासिनी आहोत."

"व्हय," आत्या म्हणाली, "पन हीर तेवढीच खोल हाय."

मदरनी जपमाळ काढली. काही सुचत नसे तेव्हा त्या ती काढायच्या. त्या वर्षी त्यांच्या जपमाळेचे मणी पार गुळगुळीत झाले.

आत्याचं खरं राज्य मात्र सोमवारी. सोमवारी ती ओस्त्या भाजायची; तिच्या तोंडी त्या वस्त्या. ओस्ती म्हणजे मिस्सेत, आमच्या मुख्य उपासनेत, फादर आशीर्वाद देऊन आमच्या जिभेवर ठेवतात ती पातळ गोल चकती. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही. आणि गहूच पाहिजे. दुसऱ्या कुठल्या धान्याची केली तर ती मिस्साच होत नाही, हा चर्चचा नियम, आणि त्यात कोणालाही सूट नाही. आसपासच्या पाच-सहा चॅपलना आमच्याकडून ओस्त्या जायच्या. त्यासाठी लांब दांड्यांचा एक लोखंडी साचा होता. त्याच्या दोन ताटल्यांमध्ये सरसरीत पीठ ओतायचं, दाबायचं, चुलीवर धरायचं. पापडासारखा पांढरा पत्रा निघायचा. मग गोल कटरने चकत्या पाडायच्या.

हे काम मौनात आणि प्रार्थनेत करायचं असा नियम. आत्या प्रार्थना करायची, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त मधूनमधून साच्याशी बोलायची. "चिकटू नको रं मुडद्या" हे आणि संतांची नावं एकाच सुरात चालायचं. मी एकदा तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "संतांना सवय झालीय. तू तुझ्या सुया उकळ."

चकत्या पाडल्यावर मधली कतरण उरायची. ती काही पवित्र नसते, नुसती भाजलेली कणीक. ती आत्या मागच्या दाराला वाटायची. म्हाताऱ्या यायच्या, दवाखान्यात आलेल्या बाया यायच्या, दात येणाऱ्या पोरांच्या आया तर हक्काने यायच्या. ख्रिस्ती, हिंदू, सगळ्या. मदरना हे पसंत नव्हतं. लोकांचा गैरसमज होईल म्हणायच्या. लोकांचा काहीएक गैरसमज नव्हता. त्यांना माहीत होतं की फुकट आहे आणि कुरकुरीत आहे.

मग तो दुष्काळ आला. पहिल्या वर्षी विहिरीने तळ दाखवला, दुसऱ्या वर्षी गावाने. अर्धी घरं कुलपं लावून निघून गेली, उरलेली माणसं सडकेवर खडी फोडायला जायची. सरकारी दुकानात लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी तव्यावरच तडकायची आणि घशात जाऊन बसायची. आम्हीही तीच खायचो. घरात गहू होता, पण तो फक्त देवासाठी. बिशपांच्या घरून ओस्त्यांसाठी म्हणून एक पोतं पीठ आलं होतं. ते चॅपलमागच्या कपाटात कुलूपबंद असायचं आणि किल्ली आत्याच्या कमरेला.

त्या दिवसांत मला जाणवलं की कतरण वाढलीय. आत्या कटर टाकताना दोन चकत्यांच्या मध्ये हातचं राखून जागा सोडायची. पत्र्यात तीस चकत्या बसायच्या तिथे वीस पडायला लागल्या. फादरांनी विचारलं, या खेपेला ओस्त्या कमी कशा? आत्या म्हणाली, "दुस्काळ हाय. देवानं बी थोडं कमी घ्यावं."

गोदा त्याच महिन्यात आली. खडीच्या कामावरची बाई, नवरा कोपरगावाकडे ऊसतोडीला गेलेला, ही अवघडलेली म्हणून मागे राहिलेली. माझ्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. गोदाला दूध नव्हतं. येणार कुठून, पोटात मिलो. आमचे दूध पावडरीचे डबे संपले होते आणि नवे येणार येणार म्हणून येत नव्हते. दोनपैकी एक शेळी आटली होती. दुसरी दिवसाला एक कप द्यायची, आणि तो डॉक्टरांच्या हुकमाने मदरच्या अल्सरला.

मी गोदाला टॉनिक सुरू केलं. लालभडक बाटली, दिवसातून दोनदा दोन चमचे. रोज पोरीला तागडीत घालून वजन बघायची. पहिला आठवडा पोर उतरली. दुसऱ्या आठवड्यात थांबली. तिसऱ्यात चढायला लागली आणि गोदाच्या अंगावर दूध दिसायला लागलं. मी हवेत. मी प्रत्येक येणाऱ्या बाईला ती बाटली दाखवायची. रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाचे आभार मानायची, पण खरं सांगते, त्यातले निम्मे आभार मी माझेच मानत होते.

आणि रविवारच्या ओस्तीची चव बदलली होती. रंग किंचित तांबूस. जिभेवर विरघळायच्या ऐवजी टाळूला चिकटून बसायची. मला वाटलं, पीठ जुनं झालं असेल. मला त्या दिवसांत स्वतःच्या टॉनिकपुढे दुसरं काही दिसतच नव्हतं.

एका शुक्रवारी आत्याने गुडघे टेकले आणि सांगितलं, "माझा दोष असा, की धाकट्या सिस्टरला वाटतंय गोदाचं पोर तिच्या बाटलीनं धरलं. मला हसू आलं. हसू दाबलं न्हाई. गोठ्यात जाऊन हासले."

मदरनी तिला एक जपमाळ दिली. शाळेच्या सिस्टर जमिनीकडे बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. माझ्या कानांपर्यंत आग गेली. दुसऱ्या दिवशी मी गोदाला बाजूला घेतलं आणि विचारलं, बाटलीशिवाय तू काय खातेस?

"आत्या रोज लापशी देत्यात की," गोदा म्हणाली. "गव्हाची. गूळ घालून. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

घरात देवाशिवाय कोणाचा गहू नव्हता. म्हणजे देवाचं पीठ गोदाच्या पोटात आणि मिलो देवाच्या वेदीवर. थोडी कणीक मिसळून, फडक्यातून गाळून, पण मिलोच. पाच-सहा चॅपलमध्ये, कित्येक रविवार. मी हिशेब जुळवला आणि मला, आता या वयात लपवून काय करू, आनंद झाला. सापडली.

आमच्या शुक्रवारच्या पद्धतीत आणखी एक कलम होतं. बहिणीचा दोष ती स्वतः सांगत नसेल, तर दुसरीने तो प्रेमापोटी सर्वांसमोर सांगावा. हे कलम पुस्तकात होतं. प्रत्यक्षात ते कोणी वापरल्याचं मी पाहिलं नव्हतं. चार बायका, एक विहीर, एक चूल. असल्या घरात ते कलम वापरायचं नसतं, एवढं शहाणपण बाकी तिघींना होतं.

पुढच्या शुक्रवारी मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मी प्रेमापोटी सांगते." आणि सगळं सांगितलं. लापशी, किल्ली, मिलो.

 आत्याला मी पहिल्यांदाच गप्प बसलेली पाहिली. मदरनी वेदीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"वीस वर्सं वस्त्या भाजतीया," आत्या म्हणाली. "ठाऊक न्हाई कसा?"

"मग मला विचारलं का नाही?"

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हनाली असतीस. मग पोर गेलं असतं आन् तुला पाप लागलं असतं. म्हनून न्हाई इचारलं."

मदरच्या हातातली जपमाळ थांबली. त्या म्हणाल्या, "आता मला बिशपना लिहावं लागेल, की हे मला आज कळलं."

हे वाक्य त्या कोणाला म्हणाल्या ते मला तेव्हा समजलं नाही. शाळेच्या सिस्टरनी बाहेर पडताना माझं मनगट धरलं. त्या फारसं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "पहिल्या रविवारपासून टाळूला चिकटत होती. तुला काय वाटलं, जीभ तुला एकटीलाच आहे?"

रविवारी फादर आले तेव्हा मदरनी त्यांना सांगितलं. ते दवाखान्याच्या बाकावर मटकन बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू का बोललीस, बाई? मी आपला दर रविवारी काहीतरी खरखरीत गिळत होतो आणि दातांना दोष देत होतो. कोणी बोललं नव्हतं तोवर ते माझ्या तोंडात होतं. आता ते कागदावर जाणार." त्यांना साऱ्या चॅपलमध्ये त्या सगळ्या मिस्सा पुन्हा करायच्या होत्या. त्याबद्दल त्यांची कुरकुर नव्हती. त्यांना बिशपांचं उत्तर काय येणार ते माहीत होतं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आत्याला साच्याला हात लावायची बंदी, आणि बदली. मंगळूरच्या बाजूच्या आमच्या मोठ्या मठात, तिथल्या आजारी सिस्टरांच्या सेवेला. कागदावर ती शिक्षा दिसतच नव्हती. भरपूर पाऊस, भरपूर तांदूळ, नारळाची झाडं. फक्त तिथे कोणाला मराठी येत नव्हतं. आणि आत्याला मराठीशिवाय काही येत नव्हतं. तेही तिचं, आमचं पुस्तकी नव्हे. दिवसभर माणसांशी, शेळ्यांशी, साच्याशी, संतांशी बोलणारी बाई. तिला गप्प करायचा याहून सोपा मार्ग कोणी शोधला नसता, आणि तो मी शोधून दिला होता.

मी मदरकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही बिशपना परत लिहा. मदर म्हणाल्या, "सिस्टर, पत्र लिहायची वेळ येऊ नये म्हणून मी दोन महिने जेवणाच्या टेबलावर एक शब्द काढला नव्हता." एवढंच बोलून त्यांनी शेळीच्या दुधाचा कप उचलला, दवाखान्यात गेल्या आणि तो गोदाच्या हातात दिला. पावडरीचे डबे येईपर्यंत तो कप रोज गोदाकडे गेला. मदर पोटावर हात दाबून प्रार्थना घ्यायच्या, पण त्यांना कोणी काही विचारायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं.

आत्या जायच्या दिवशी मी तिची ट्रंक एसटीच्या फाट्यापर्यंत नेली. ट्रंकेत काही नव्हतंच, हलकी होती. मागून निम्मं गाव. गोदा पोरीला घेऊन आली होती. पोरीने आत्याच्या नाकात बोट घातलं आणि आत्याने ते राहू दिलं.

"तिथं एक बरं हाय," आत्या मला म्हणाली. "शुक्रवारी कायबी बोलावं. कुनाला कळायचं न्हाई."

मला रडू फुटलं. तिची माफी मागायची होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आत्या, तुमच्या त्या ओस्त्या चांगल्या होत्या चवीला."

"खोटं," ती म्हणाली. "रबर हुतं निस्तं. शुक्रवारी सांग." आणि एसटीत चढून तिने खिडकीजवळ बसलेल्या माणसाला उठवलं.

मी शुक्रवारी सांगितलं. मदरनी मला साचा आणि किल्ली दिली. ते प्रायश्चित्त होतं की काम, हे त्या बोलल्या नाहीत. माझे पहिले चार पत्रे जळाले. पाचवा चिकटला. मी साच्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दोन महिन्यांनी आत्याचं पहिलं कार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, बोटाएवढी अक्षरं. पोस्टमनने ते आधी पारावर मोठ्याने वाचलं आणि मग मला आणून दिलं. "इथं माझे दोष कुनाला कळत न्हाईत म्हनून तुला लिवते," असं होतं. "एक, हितल्या मदरला मिशा हायेत, त्या बघून हसले. दोन, रोज भात. देवाला इचारलं, हे काय चाललंय. तीन, झोपलेल्या म्हाताऱ्या सिस्टरला आपल्या गावच्या गोष्टी सांगते. तिला वाटतं मी प्रार्थना करतीया. ती आमेन म्हनते. मी काय बोलत न्हाई. प्रायश्चित्त मदरला इचारून कळव."

मी मदरना वाचून दाखवलं. मिशांपाशी त्यांच्या ओठांचा कोपरा थोडा हलला. त्या म्हणाल्या, "एक जपमाळ." मी तसं कळवलं. हे असं अकरा वर्षं चाललं, दर महिन्याला एक कार्ड. आत्या परत आली नाही. शेवटची कार्डं दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली होती, कारण तोवर तिने तिथल्या एका पोरसवदा सिस्टरला आपली भाषा शिकवली होती, कास मारण्यासकट.

पण मला जे सांगायचं आहे ते पहिल्या वर्षीचं. पहिल्या कार्डानंतर मला झोप लागेना. दोष ती मला पाठवत होती आणि माझा सगळ्यात मोठा दोष मी कोणालाच सांगितला नव्हता. मी एक बंद आंतरदेशीय पत्र घेतलं आणि लिहिलं: आत्या, मी ते प्रेमापोटी बोलले नव्हते. धर्मासाठीही नव्हे. तुम्ही माझ्या बाटलीला हसलात म्हणून बोलले. मला तुमची फार आठवण येते. चुलीपाशी जाववत नाही.

उत्तर आलं ते उघड्या कार्डावर. म्हणजे माझा दोष पारावर वाचला गेला, गोदासकट सगळ्यांनी ऐकला. आत्याने ते मुद्दाम केलं असणार.

"ठाऊक हुतं," तिने लिहिलं होतं. "तू उठलीस तवा तुझे कान लाल झाले हुते. धर्मासाटी कान लाल हुत न्हाईत. मी बी हासायला नको हुतं, पन बाटली लईच लाल हुती. तुझं प्रायश्चित्त मीच देते. वस्त्या पाडताना हात लांब लांब टाक. मदरला इचारू नको. ती न्हाई म्हनंल आन् तिला पाप लागंल."

त्या सोमवारी मी पत्रा पाटावर घेतला, कटर घेतला आणि लांब लांब टाकायला लागले. मागच्या दाराशी बाया येऊन बसल्या होत्या. पुढे गोदा, मांडीवर पोर. तेवढ्यात पाठीमागे पाऊल वाजलं. मदर. त्या माझ्या खांद्यावरून पाटाकडे बघत उभ्या राहिल्या. पत्र्यात जेमतेम अठरा चकत्या बसणार होत्या, आणि हे त्यांना दिसलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. मी कटर हातात धरून थांबले. मदरनी हात पुढे केला, कतरणीचा एक मोठा तुकडा उचलला, वाकून गोदाच्या पोरीच्या मुठीत दिला आणि आल्या तशा परत गेल्या.

शुक्रवारी आम्ही तिघींनी गुडघे टेकले. माझी पाळी आली. मदर माझ्याकडे बघत होत्या, अगदी लक्ष देऊन.

"माझा दोष असा," मी म्हणाले, "की माझ्या हातून एक थर्मामीटर फुटला."

"असू दे," मदर म्हणाल्या. दवाखान्यात थर्मामीटर एकच होता, आणि तो त्यांनी सकाळीच माझ्याकडून मागून नेला होता.